उलट, सुलट आणि दाबाचा पेच

गोल फिरणाऱ्या गोष्टीला सरळ रेषेत चालायला लावणं हा माझा धंदा होता. लोक मला मिस्त्री म्हणत आणि मिस्त्री म्हणजे बिघडलेलं यंत्र ठोकून चालू करणारा माणूस असं समजत. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

इंजिनाचं चाक गोल फिरतं. घाण्याचा बैल गोल फिरतो. जगातली बहुतेक कामं मात्र सरळ असतात. करवत पुढंमागं जाते, रेच्याची पाती सरकीपासून रुई सोडवताना वरखाली होते, कापूस दाबायचा तर वजन सरळ खाली जावं लागतं. फिरणं आणि सरकणं यांच्या मध्ये काहीतरी बसवावं लागतं. चाकाच्या कडेला खिळा आणि खिळ्याला दांडा लावला की चाकाच्या एका फेऱ्यात दांड्याचं टोक एकदा पुढं आणि एकदा मागं जातं. याला क्रँक म्हणतात. चाक एका बाजूला फुगीर केलं तर त्यावर टेकलेली दांडी उचलली जाते आणि पडते. दातेरी चाकाखाली दातेरी पट्टी ठेवली तर पट्टी सरकते. आणि चौथा प्रकार पेचाचा.

या विद्येचं गिऱ्हाईक कधीकधी विचित्र असे. बीडकडच्या एका जहागीरदारांना पंखा ओढणाऱ्या माणसाच्या डुलक्यांचा राग होता. त्यांनी बैलाच्या फेऱ्यावर चालणारा पंखा मागितला. मी क्रँक बसवून दिला आणि पंखा उत्तम चालला. बैलाला मात्र अंगणात कडबा आलेला दिसला की तो धावे. मग बैठकीतले कागद उडत, आणि समोर बसलेल्या रयतेला हसू दाबावं लागे. पुढच्या उन्हाळ्यात जहागीरदारांनी डुलक्या घेणाऱ्या माणसाला परत बोलावलं.

पेचाच्या बाबतीत असं हसण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पेचात दोन गुण असतात. माणूस लांब दांडा धरून मोठा फेरा मारतो आणि पेच बोटा-दोन बोटांनी खाली उतरतो, त्यामुळे माणसाची साधी ताकद प्रचंड दाब होऊन बाहेर पडते. दुसरा गुण असा की दांडा सोडून माणसं निघून गेली तरी पेच जागचा हलत नाही. दोर सुटतो, पाचर निसटते. पेच धरून ठेवतो. तो सैल करायचा तर जेवढे फेरे मारून आवळला तेवढे फेरे मारून सोडवावा लागतो. घाईच्या वेळी हाच गुण दोष होतो. घाईच्या वेळी काय होतं ते मी एकदा पाहिलं.

उमापूरच्या बाजूला एका शेठजींचा कापसाचा कारखाना होता. एका शेडमध्ये इंजिनावर रेचे चालत, बाहेर उघड्यावर रुईच्या गाठी बांधायचा दाब होता. राज्य निजामाचं, रेल्वे जालन्याला. गाड्यांनी गोदावरी उतरून माल तिकडे जाई, आणि मोकळी रुई गाडीत मावत नाही, म्हणून ती दाबून गाठी करायच्या.

दाबाची रचना साधी होती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात सागवानी पेटी. पेटीवर चार खांबांची चौकट, चौकटीच्या तुळईत घट्ट बसवलेला पितळी नट. त्या नटातून माणसाच्या मांडीएवढा लोखंडी पेच खाली उतरे आणि त्याच्या खालच्या टोकाला दाबपाट असे. पेचाच्या माथ्यापासून चार लांब लाकडी दांडे छत्रीच्या काड्यांसारखे चौकटीबाहेर तिरपे उतरत. माणसं दांड्यांची टोकं छातीशी धरून ढकलत आणि दाबाभोवती फिरत. पेच खाली जाई तसे दांडेही खाली येत. गाठ पुरी दाबली जाईपर्यंत छातीशी असलेला दांडा कंबरेशी येई आणि माणसं वाकून ढकलत.

चौकटीच्या पायाशी शेंदूर फासलेला दगड होता. कोणी बसवला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण दसऱ्याला त्याला नारळ फुटे. बहुतेक पेच असतात तसा हा पेचही उजव्या आट्यांचा होता. म्हणजे दाबायचा तर उजवा हात मध्याकडे ठेवून फिरायचं, देवाला प्रदक्षिणा घालतात तसं. त्या फेऱ्याला माणसं ‘सुलट’ म्हणत. सैल करायला डावा हात मध्याकडे ठेवून फिरावं लागे, ते ‘उलट’. देवाभोवती उलटं फिरायचं म्हणून तेवढ्यापुरता दगडावर फडकं टाकायचा रिवाज होता. खड्ड्यात बसलेला माणूस गाठ बांधून झाली की ओरडे, “उलट!” मग वरची माणसं दगड झाकून दाब सैल करत.

खड्ड्यात बसणारा माणूस म्हणजे किसन. आधी पेटीत उभा राहून रुई पायांनी तुडवायची, मग बाहेर येऊन दाब बसू द्यायचा, मग पेटीच्या बाजूच्या फळ्या काढून दोरांनी गाठ बांधायची, हे त्याचं काम. बांधण्यात एक खुबी होती. पेटीच्या काठाला लोखंडी पट्टी होती आणि दाबपाट तिच्या किंचित वर थांबे. त्या फटीतून हात घालून दोर ओढायचा आणि दोराचं टोक बोटांनी दाबून धरायचं. दाब सैल होऊ लागला की रुई फुगते आणि दोराची गाठ आपोआप आवळली जाते. तोवर टोक सोडायचं नाही. सोडलं तर दोर निसटतो आणि सगळं काम वाया. म्हणून किसन ‘उलट’ असं ओरडे तेव्हा त्याचा हात फटीतच असे. दाब वर जाणार असतो, तेव्हा त्यात धोका काही नव्हता.

किसनचा थोरला भाऊ गेनबा उमापूरच्या टोळीचा पुढारी होता. ही टोळी वर्षानुवर्षं याच दाबाचे दांडे ढकलत होती. त्या हंगामात ज्वारीची काढणी आली आणि गेनबा टोळी घेऊन गावी गेला. किसन मागं राहिला, कारण बांधणारा दुसरा नव्हता. दांड्यांवर लिंबागणेशकडची नवी माणसं आली.

त्याच सुमारास जुन्या पेचाचे आटे झडले. शेठजींनी कुठल्याशा मोडीत काढलेल्या कारखान्यातून पेच आणि नट आणला. लोखंड चांगलं होतं. मी बसवण्याआधी पाहिलं तर आटे डावे. जोडीनं चालणारे दोन दाब करताना एक असा करतात, त्यातलाच तो असावा. मी मुकादम चाँदभाईंना सांगितलं, “हा दाबायला डावीकडून फिरवावा लागेल.”

माणसांनी लगेच हात काढून घेतले. सैल करताना दोन-चार फेरे उलटे मारणं वेगळं, दिवसभर देवाला उलटे फेरे घालत घाम गाळणं वेगळं.

चाँदभाई सगळ्यांत मिळून मिसळून असणारे, आवाज न चढवता काम काढून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन तोडगे काढले. दगड उचलून, नारळ फोडून, बाहेर लिंबाखाली नेऊन बसवला. आता मध्ये देवच नाही, तर प्रदक्षिणा कसली? तरी माणसं कुरकुरत होती. दिवसभर ‘उलट’ चालायचं हा शब्दच त्यांना नको होता. चाँदभाई म्हणाले, “मग त्याला उलट कावून म्हनता? ज्या फेऱ्यानं दाब बसतो तो सुलट. ज्यानं सैल होतो तो उलट. नाव आपल्या हातात हाय की.”

माणसं हसली आणि कामाला लागली. पेच बदलला, पाय बदलले, शब्द तेच राहिले. नव्या टोळीला जुन्या पेचाची सवय लागलेलीच नव्हती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. किसन खड्ड्यात असे. त्याला पाय दिसत नसत आणि तो पूर्वीसारखाच ओरडे. काम सुरळीत चाललं.

गेनबाची टोळी परत आली ती भर दुपारी. गाठ दाबून झाली होती, किसन खड्ड्यात दोर ओढत होता. पेच धरून राहतो म्हणून वरची माणसं दांडे सोडून सावलीत भाकरी खायला बसली होती. चाँदभाई फाटकाबाहेर गाड्या भरून घेत होते. इंजिन बंद होतं आणि मी शेडमध्ये रेच्याची पाती काढून बसलो होतो. पुढचं बोलणं मला नंतर त्या माणसांनीच सांगितलं.

गेनबानं विचारलं, “किसन्या कुठं हाय?”

“खाली. गाठ बांधतोय.”

“आन् देव बाहेर कावून नेला?”

“पेच नवा बसला ना, तवा हलवला.”

गेनबा लिंबाखालच्या दगडाच्या पाया पडला. मग म्हणाला, “बसा तुमी, खावा भाकर. सैल आमी करतो. त्याला सांगू नका मी आलोय. वर आला का बघंल, दाद्या दांड्यावर.”

भाकरी खाणाऱ्यांना यात वावगं काय दिसणार? उमापूरची माणसं या कामात त्यांच्याहून मुरलेली होती. गेनबा आणि त्याचे गडी चार दांड्यांना लागले आणि हसू दाबून वाट बघू लागले.

खालून आवाज आला, “उलट!”

त्यांनी डावा हात मध्याकडे धरून पाऊल टाकलं. आयुष्यभर ‘उलट’ म्हणजे तेच होतं.

मला शेडमध्ये किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ तोच आवाज, “उलट! आरं उलट! उलट!” खड्ड्यातला माणूस सुटकेसाठी त्याला ठाऊक असलेला एकच शब्द ओरडत होता, आणि वरचे लोक त्या शब्दासरशी आणखी जोर लावत होते. मी बाहेर आलो तेव्हा दांड्यांची टोकं गड्यांच्या कंबरेखाली गेली होती. सैल होणाऱ्या दाबाचे दांडे वर चढतात.

मी ओरडलो, “थांबा! दांडे सोडा!”

ते थांबले. पेच, आपल्या गुणाप्रमाणे, होता तिथं राहिला.

मी खड्ड्यात उतरलो. दाबपाट आणि लोखंडी पट्टी यांच्या मधल्या फटीत किसनचा डावा हात बोटांपासून पंजापर्यंत गेलेला होता. फट आता अर्ध्या बोटाचीही नव्हती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळ त्यानं पेटीला टेकवलं होतं. 

पुढं जे झालं ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोर असता तर कापला असता. पाचर असती तर ठोकून काढली असती. पेच कापता येत नाही, ओढता येत नाही, तो फिरवावाच लागतो. आणि फिरवायच्या बाजू दोनच. एका बाजूनं हात सुटणार होता. दुसऱ्या बाजूनं एक पाऊल पडलं तर पंजा फुटणार होता.

मी वर येऊन म्हणालो, “गेनबा, परत फिरा. उजवा फेरा.”

गेनबानं दांडा सोडला नव्हता. “मिस्त्री, येडे झाले का? देवाच्या फेऱ्यानं दाब बसतो. हात जाईल त्याचा.”

“पेच बदललाय. आटे डावे आहेत. आत्ता तुम्ही दाबलंय, सैल केलं नाही.”

“तोच म्हनला उलट! तुमी न्हाई ऐकलं? उलटच फिरवलं आमी.”

“या पेचाचं उलट ते नव्हे.”

“आटे मला कळत न्हाईत. पाय कळतेत. ह्या दाबाभवती पाय झिजले माजे.”

एवढ्यात लिंबागणेशची माणसं भाकरी टाकून धावत आली. त्यांना काय घडलं ते दांड्यांच्या उंचीवरून एका नजरेत कळलं. ती बोलत बसली नाहीत. समोरच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूनं वाकून छाती लावून उभी राहिली, म्हणजे बरोबर बाजूनं. पण गेनबाच्या दृष्टीनं ती त्याच्या भावाचा हात चिरडायला उभी होती. त्यानं आपल्या दांड्याला खांदा दिला आणि पाय रोवले.

“एक पाऊल टाकलं ना बे, तर टाळकं फोडीन एकेकाचं.”

“आरं बाबा, आमी रोज फिरवतो ह्याला!”

“तू काल आला. मला शिकवतो?”

दोन्हीकडून जोर लागला. लाकूड करकरलं. तुळईतल्या नटानं बारीक आवाज केला आणि खालून किसन विव्हळला. कोणत्या बाजूला किती हललं ते मला दिसलं नाही. मी दोन्ही हात वर करून फक्त “थांबा” म्हणत राहिलो. दोन्ही टोळ्या थांबल्या, पण दांड्यांवरून छाती कोणीच काढली नाही. कोणाचा तरी दम सुटला असता किंवा कोणाचा पाय घसरला असता, तर निकाल त्याच क्षणी लागला असता.

आवाज ऐकून चाँदभाई फाटकातून पळत आले. त्यांनी गेनबाला दांड्यावर पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. ते जागच्या जागी खाली बसले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “गेनबा, नाव मी बदललं रे. नाव मी बदललं.” गेनबाला त्याचा अर्थ लागण्यासारखा नव्हता.

मी गेनबाला म्हटलं, “माझं ऐकू नका. यांचंही ऐकू नका. किसनला विचारा.”

हे त्याला पटलं. आपला दांडा आपल्या गड्यांच्या हवाली करून तो खड्ड्याच्या काठावर पालथा झोपला आणि डोकं आत घातलं.

“किसन्या.”

किसननं मान वळवली. भावाचा आवाज त्याला तेव्हा पहिल्यांदा कळला. “दादा? तू हाय का दांड्यावर?”

“हाव. मीच. कोनता फेरा, सांग. तू सांगशील तसा फिरवतो.”

किसन म्हणाला, “उल—”

आणि तिथंच थांबला. मी काठावरून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. वर कोण आहे ते त्याला आता कळलं होतं, आणि आपण काय ओरडत होतो तेही.  

मग तो सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलला. “दादा, नाव नको घिऊ फेऱ्याचं. तुजा उजवा हात माज्याकडं ठिव. उजवा. ज्यानं जेवतो तो. तसाच चाल.”

गेनबा उठला. त्यानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, मग तो खड्ड्याकडे लांब केला आणि आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत ते पाहिलं. “हा तर देवाचा फेरा,” तो म्हणाला.  “ह्यानं तर दाब बसतो.”

 तो आपल्या दांड्यापाशी गेला, पण आता पलीकडच्या अंगाला. सगळ्या आयुष्याचं शहाणपण एका बाजूला आणि खड्ड्यातला आवाज दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत माणूस पाऊल कसं उचलतो ते मला सांगता येणार नाही. त्यानं डोळे मिटून घेतले आणि पाऊल टाकलं. बाकीचे त्याच्यामागं.

मी दांड्याच्या टोकाकडे पाहत होतो. ते गेनबाच्या कमरेच्या करदोट्याखाली होतं. नट कुरकुरला. टोक करदोट्याला आलं, आणि मग करदोट्याच्या वर.

खड्ड्याच्या काठावरून कोणीतरी ओरडलं, “निघाला! हात निघाला!” मी सगळ्यांना थांबवलं. गेनबाला ऐकू आलं नसावं. तो दांड्याला छाती लावून एकटाच ढकलत राहिला, आणि दोघांना त्याला धरून बाजूला करावं लागलं.

किसनला बैलगाडीनं बीडला नेलं. हात वाचला, बोटं वाचली नाहीत. अंगठा आणि करंगळी राहिली. चाँदभाईंनी हंगाम संपेपर्यंत काम केलं आणि मग सोडलं. त्यांना कोणी बोल लावला नव्हता. मीही त्यांची समजूत घातली, की माणसांना कामाला लावणं हे तुमचं काम होतं आणि ते तुम्ही केलं. ते म्हणाले, “मिस्त्री, पेच बदलला तवा तुमी नटबी बदलला. जुन्या नटात नवा पेच चालत न्हाई. मी शब्द जुनाच ठिवला.” या धंद्यातलं इतकं अचूक वाक्य मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि ते ऐकायला मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

शेठजींनी चौकटीवर पाटी लावायचं ठरवलं: या बाजूला दाब, त्या बाजूला सैल. पाटी लागली. ती वाचू शकणारे कारखान्यात आम्ही दोघं-तिघं होतो.

पुढच्या हंगामात किसन परत आला. गाठ बांधणं त्याच्यानं आता होणार नव्हतं. नव्या मुकादमानं त्याला वर, चौकटीशी उभा केला. बांधणाऱ्यानं हात बाहेर काढला की दांडेकऱ्यांना इशारा द्यायचा, हे काम. दोराच्या टोकाला लावायला आता लाकडी चिमटा होता, बोटं नव्हती. पहिल्या दांड्यावर गेनबा होता. हंगामाची पहिली गाठ दाबून, बांधून झाली. खालच्या माणसानं दोन्ही हात वर करून दाखवले. सगळे किसनच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, की हा आता काय शब्द काढतो.

किसननं डावा हात वर केला. दोन बोटांचा. त्या हातानं त्यानं गेनबाच्या उजव्या खांद्याकडे बोट दाखवलं, मग खड्ड्याकडे.

 गेनबा म्हणाला, “तोंडानं सांग की बे. लोकं वाट बघतेत.”

हात तसाच वर ठेवून किसन म्हणाला, “तोंडानंच गेला, दादा.”

गेनबानं उजवा हात मध्याकडे घेतला आणि वाकून दांड्याला छाती लावली.